तंबूवालीने वळण सोडलं

ब्लँकेट पिळायला दोन माणसं लागतात. घरात दुसरं माणूस होतं, पण त्याला डाव्या पायावर भार देता येत नव्हता. म्हणून तंबूवालीने ओल्या ब्लँकेटचं एक टोक अंगणातल्या नळाला गुंडाळलं, दुसरं दोन्ही मुठींत धरलं आणि मागे रेलून पीळ द्यायला घेतला. अर्धं पिळून झालं होतं, पाणी पायांवरून वाहत होतं, एवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला.

थोरले दीर आले होते. खाली उतरले नाहीत. जीपचं तोंड फाटकात घातलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, "बघितलंस?"

"काय, भावजी?"

"अगं, नाक बघ गाडीचं. विंच बसवलीय."

जीपच्या पुढच्या बंपरवर पोलादी दोराचं चकचकीत रहाट बसलं होतं. दोराचं टोक झाडाला नाहीतर खडकाला अडकवायचं, बटण दाबायचं, की रहाट फिरतं आणि रुतलेली गाडी स्वतःलाच ओढून बाहेर काढते.

"आता कुठेही रुतू दे," भावजी म्हणाले. "कुणाच्या बापाची गरज नाही."

ब्लँकेटचं दुसरं टोक धरू का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या ते मनातही आलं नसणार. तंबूवालीने पीळ तसाच धरून ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "छानच आहे की. पण धूळ बसेल हो तिच्यावर. माप देऊन जा, खोळ शिवून देते."

"किती घेशील?"

"घरच्या माणसाकडून काय घ्यायचं?"

भावजी खूश होऊन गेले. आतल्या खोलीत टेबलाशी बसून वायरी जोडणाऱ्या तिच्या नवऱ्याने हे सगळं ऐकलं. "एवढं प्रेम कुठून उतू चाललंय?" तो म्हणाला.

"उतू गेलं तर पुसून घेईन," ती म्हणाली आणि उरलेलं ब्लँकेट असं पिळलं की त्यात पाण्याचा थेंब राहिला नाही.

ही बाई या घरात आली तेव्हा दोघा भावांचं एकच गॅरेज होतं आणि दोघांना एकच वेड. भंगारात निघालेल्या छोट्या जीप आणायच्या, सोडवायच्या, पुन्हा उभ्या करायच्या आणि सुट्टी मिळाली की डांबरी रस्ता सोडून निघायचं. कोरड्या ओढ्यांतून, खडकाळ माळांवरून, जिथे संध्याकाळ होईल तिथे मुक्काम. टपावर घडीचा तंबू, मागे स्टोव्ह आणि पाण्याचे कॅन. त्यांच्यासारखेच आणखी काही वेडे जमले होते. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर, दवाखान्यातली एक नर्स, एक पाववाला आणि त्याची बायको. सगळे मिळून स्वतःला टोळी म्हणायचे. टोळीचा म्होरक्या अर्थातच थोरला.

पहिल्याच मुक्कामाला नव्या नवरीच्या अंगावर तंबू गळला. तिचे वडील दुकानांवरची कापडी छपरं शिवायचे, त्यामुळे गळका टाका तिला लांबून ओळखू यायचा. ती कुणाला काही बोलली नाही. घरी आल्यावर तंबू उतरवला, सगळी शिवण उसवली, दोऱ्याला मेण चोळून दुहेरी घडीची शिवण घातली. पुढच्या मुक्कामाला बाकीच्यांचे तंबू गळले, त्यांचा नाही. मग एकेकाचा तंबू तिच्या अंगणात येऊन पडायला लागला आणि तिचं नाव तंबूवाली पडलं. लग्नात ठेवलेलं नाव तिला स्वतःलाही आठवून सांगावं लागायचं.

नवरा तिचा मितभाषी. थोरला बोलायचा दोघांचं, धाकटा काम करायचा दोघांचं, अशी घराची विभागणी होती. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिलाही नाही.

टोळीचा एकच कायदा होता. तो पेंटरने लाल रंगात प्रत्येक जीपच्या डॅशबोर्डवर लिहून ठेवला होता: मागचा आरशात दिसल्याशिवाय वळण सोडू नये. सोडलं, तर टोळीत पुन्हा गाडी चालवायची नाही. डोंगरदऱ्यांत फोनला रेंज नसते, धुळीत पुढची गाडी दिसत नाही. म्हणून जिथे वाट फुटते तिथे प्रत्येकाने थांबायचं, मागची गाडी आरशात आली की मगच पुढे जायचं. मागच्याची काळजी पुढच्याने करायची, त्याच्या मागच्याची त्याने. शेवटच्या गाडीला शेपूट म्हणायचे. शेपटाच्या मागे कुणी नसतं, म्हणून त्याने कुणासाठी थांबायचं नसतं. पण त्याच्यासाठी मात्र कुणीतरी थांबलंच पाहिजे.

अपघात झाला त्या खेपेला धाकटा शेपूट होता आणि त्याच्या पुढे थोरला. तंबूवाली घरी होती, सासूच्या आजारपणात. मुक्कामाच्या जागी एका मासिकाचा फोटोवाला येणार होता, उजेड असेपर्यंत फोटो काढणार होता. थोरल्याला मुक्काम गाठायची घाई झाली. ओढ्याला दोन फाटे फुटत होते, तिथे तो थांबला नाही. मागून धाकटा आला, तेव्हा फाट्यावर कुणी नव्हतं. त्याने डावी वाट धरली. पुढे काठ ढासळला, जीप कलंडली आणि त्याचा डावा पाय दाराखाली सापडला. तो सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी. पाय राहिला, पण पायातलं बळ गेलं.

इथवर देवाची मर्जी म्हणून तिने सोडून दिलं असतं. माणूस हातचा गेला नाही, याबद्दल ती रोज हात जोडतच होती. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळी टोळी जमली असताना थोरला बोलला, "मी थांबलो होतो. वळला असेल चुकीच्या फाट्याने."

एवढंच बोलला. आणि तेवढंच खरं ठरलं. कारण धाकटा औषधाच्या गुंगीत होता, आणि शुद्धीवर आल्यावर म्हणाला ते फक्त बायकोपाशी: "फाट्यावर कुणी नव्हतं गं." जाऊ दे, म्हणाला, भाऊ आहे. टोळीने त्याचं नाव डाव्या ठेवलं. प्रेमानेच ठेवलं, हसत हसत. डाव्या कसा आहे, डाव्याला नमस्कार सांग. ज्या माणसाने आयुष्यात एक नट उलटा फिरवला नव्हता, त्याला वाट न कळणारा गडी करून टाकलं. थोरल्याचा फोटो मासिकात आला. जीपच्या टपावर हात ठेवून हसतोय. टपावरचा तंबू तिने शिवलेला. तो फोटो चौकटीत घालून गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर लावला आणि त्याच्याच खाली टेबल टाकून तिचा नवरा वायरी जोडायला बसला, उरलेलं काम घरच्या टेबलाशी.

तरीही नवऱ्याला गुंगीत भास झाला असेल, असं ती स्वतःला समजावत होती. ती समजूत जाऊबाईंनी मोडली. एकदा भांडी घासताना कशावरून तरी दोघींची जुंपली, आणि जाऊबाई बोलून गेल्या, "तुझा नवरा काय कुकुलं बाळ होता, बोट धरून आणायला? येईल मागून, असंच वाटलं आम्हाला."

तंबूवालीच्या हातातली कढई तशीच राहिली. 'येईल मागून' म्हणजे थांबले नव्हते. जाऊबाईंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी नळ मोठा सोडला.

त्या दिवसापासून तिची प्रार्थना बदलली. सगळ्यांना सुखी ठेव म्हणायची ती, ते म्हणतच राहिली. पण शेवटी एक ओळ जास्त. "देवा, भावजींना ठणठणीत ठेव. डोळे, गुडघे, सगळं शाबूत ठेव. त्यांना कुठलंही दुखणं देऊ नकोस." शेजारच्या बाईने एकदा हे ऐकलं आणि म्हणाली, दिरावर इतकी माया करणारी भावजय मी पाहिली नाही. तंबूवाली नुसती हसली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा सूड घेता येत नाही, हे त्या भोळ्या बाईला काय सांगणार?

मग तिने नवऱ्याला सांगितलं, मला गाडी शिकवा. तो अंगणात पाटावर बसायचा, ती जीप पुढे-मागे करायची.

"क्लच सोड. असा नाही. असा सोड की त्याला कळू नये तू सोडतेयस."

"माणसं सोडतात तशी?"

"गप. गिअर बघ."

मोडकी जीप त्याने टेबलाशी बसल्या बसल्या, एकेक भाग हातात घेऊन पुन्हा उभी केली. ती टोळीत परत आली तेव्हा थोरला सगळ्यांसमोर हसला होता. "तंबूवाली स्वतः चालवणार? तंबू आधी आमच्या गाडीत टाक बाई, निदान तो तरी पोचेल." ती पण हसली होती. तिला घाई नव्हती. ती कधी पुढे असायची, कधी मधे, आणि प्रत्येक वळणावर नेमाने थांबायची. इतकी नेमाने, की पेंटर म्हणायचा, "ही आरशात बघते, तेवढं माझी बायको आरशात बघत नाही."

थोरला कधी तिच्या मागे यायचा नाही. म्होरक्या तो, आणि त्या अपघातापासून तर पुढेच असायचा. पण टोळीत एक रीत होती: ओढायचं साधन ज्याच्याकडे भारी, त्याने शेपूट व्हायचं, म्हणजे पुढचे जे रुततील त्यांना तो काढत येईल. आजवर तसं भारी साधन कुणाकडेच नव्हतं. आता भावजींनी विंच घेतली होती. विंच मिरवायची तर शेवटी राहायलाच हवं होतं. त्या विंचेची खोळ तिने फुकट शिवली, लाल पट्टी लावून, मेणाच्या दोऱ्याने.

"नाकापेक्षा मोती जड झालाय," पेंटर विंचेकडे बघून म्हणाला. "आता याला शेवटीच ठेवा, नाहीतर पुढे तोल जाईल."

या खेपेची वाट नवी होती. वाट बघून यायला पेंटर गेला आणि त्याच्यासोबत ती गेली. दरीतून बाहेर आल्यावर कोरड्या ओढ्याला दोन फाटे होते. उजवीकडचा वाईट दिसत होता, मोठमोठ्या दगडांवरून चढणारा. डावीकडचा रुंद आणि सपाट, गाडीने आपणहून वळावं असा. तो एका आटलेल्या तळ्यात उतरत होता. पेंटरने काठी रोवली, ती मुठीपर्यंत आत गेली.

"वर साय, खाली दूध," तंबूवाली म्हणाली.

"जीव जायचा नाही, पण अब्रू जाईल," पेंटर म्हणाला. "आसपास झुडूपही नाही बघ, दोर अडकवायला. इथे सगळ्यांनी नीट थांबायचं हां."

ती तळ्याकाठी बराच वेळ उभी राहिली. स्वतः चालत जाऊन बघितलं. गुडघ्याच्या वर चिखल नव्हता. तिला भावजी मरायला नको होते.

सगळे निघाले त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. पेंटर पुढे, मधे बाकीचे, मग ती आणि शेवटी थोरला, शेजारी जाऊबाई. जाऊबाई त्या अपघाताच्या खेपेलाही त्याच्या शेजारीच होत्या. दरीत धूळ उडाली, गाड्या लांबल्या. भावजी मागे राहून कुठल्याशा खडकाला दोर अडकवून विंच चालवून बघत होते, हे तिने आरशात पाहिलं. मग वळण आलं आणि आरसा रिकामा झाला.

फाट्यावर पाववाल्याची गाडी तिच्यासाठी थांबली होती. ती दिसताच पाववाल्याने हात केला आणि तो दगडांवरून वर चढून गेला. आता तिथे ती एकटी उभी राहिली. इंजिन चालू. आरशात फक्त धूळ. डॅशबोर्डवर पेंटरची लाल अक्षरं, तिच्याच गाडीवर, तिच्याच नवऱ्याने पुसू न दिलेली.

थांबलं तर काय होईल, हे तिला माहीत होतं. भावजी येतील, हसतील, मुक्कामाला चहा होईल, आणि तिचा नवरा जन्मभर डाव्या राहील. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. पण काठी धरायला कुणाचा तरी हात लागतोच.

तिने क्लच सोडला. असा सोडला की त्याला कळलंही नाही.

मुक्कामाच्या जागी सगळे पोचले. तंबू उघडले, स्टोव्ह पेटला. पाववाल्याची बायको कप मांडता मांडता म्हणाली, "म्होरके कुठे राहिले?"

"तुझ्या मागे होते ना गं?" नर्सने विचारलं.

तंबूवाली गाठ सोडवत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "मी थांबले होते. वळले असतील चुकीच्या फाट्याने."

  हे शब्द सगळ्यांनी आधी ऐकले होते, दवाखान्याच्या व्हरांड्यात, याच माणसांनी. पेंटरने हातातला कप खाली ठेवला. "थांबली होतीस?" त्याने विचारलं.

"जेवढे ते थांबले होते तेवढी."

सगळे उठले. कुणी तिला रागावलं नाही, कुणी शाबासकीही दिली नाही. गाड्या वळवून टोळी खाली फाट्यावर आली आणि तळ्याकाठी ओळीने उभी राहिली.

थोरल्याची जीप तळ्यात बरीच आत जाऊन बसली होती. चिखल दारांना लागला होता. नाकावरची विंच लाल पट्टीसकट बुडाली होती, आणि बाहेर असती तरी दोर अडकवायला समोर आकाशच होतं. जाऊबाई सीटवर उभ्या होत्या, चपला हातात.

"अरे, काय बघत उभे राहिलात?" थोरला ओरडला. "पट्टा टाका."

ओढायचा लांब पट्टा प्रत्येकाच्या गाडीत असतो. पण पाववाला आपल्या गाडीत वाकून उगाचच कॅन हलवायला लागला. नर्स म्हणाली, माझा बहुतेक घरी राहिला. पेंटर बॉनेटवर मांडी घालून बसला. "वय झालं. कुठे काय ठेवतो, आठवत नाही."

तंबूवालीने आपला पट्टा काढला. एक टोक आपल्या गाडीला अडकवलं. दुसरं हातात घेऊन ती चिखलात शिरली, जीपपासून हातभर अंतरावर थांबली.

"आण इकडे," थोरला म्हणाला.

"आधी सांगा."

"काय सांगू?"

"ते काठावरच्यांना सांगा. मला माहीत आहे."

थोरल्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मग दुप्पट आला. "तू मुद्दाम केलंस. ऐका रे, हिने मुद्दाम केलं. मागे माणूस असताना वळण सोडलं हिने."

"हो," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मी सोडलं. माझं सांगून झालं. आता तुमचं."

"मी म्होरक्या आहे या टोळीचा."

"आहात की. बसा मग तिथेच. तंबू टपावर आहे, माझ्या हातची शिवण आहे, गळायची नाही."

काठावर कुणीतरी खोकलं. थोरला पट्ट्यासाठी वाकला, तिने पट्टा मागे घेतला. जीप जराशी कलली आणि जाऊबाईंनी टपाचा दांडा पकडला. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. भांडी घासताना बोलून गेल्या होत्या, तेव्हाचाच चेहरा होता.

"सांगून टाका ना," जाऊबाई म्हणाल्या. "थांबलो नव्हतो आपण. तुम्हीच म्हणालात, उजेड जाईल, तो येईल मागून. मी म्हटलं होतं थांबा."

"तू गप बस."

"इतकी वर्षं गप्पच बसले. आता उभी आहे आणि पाय दुखतायत माझे."

थोरला स्टिअरिंगला धरून खाली बघत राहिला.  मग तो बोलला. "नव्हतो थांबलो."

"मोठ्याने. पेंटरला कमी ऐकू येतं."

"नव्हतो थांबलो. फाट्यावर. त्याची चूक नव्हती." आणि मग लहान आवाजात, "झालं समाधान?"

तंबूवालीने स्वतःचं मन चाचपून बघितलं. पुस्तकांत लिहितात की अशा वेळी राग विरघळतो, डोळ्यांत पाणी येतं. तसं काही झालं नव्हतं. समाधान मात्र झालं होतं, भूक लागलेली असताना पोटभर जेवल्यासारखं. "झालं," ती म्हणाली आणि पट्ट्याचा हुक त्याच्या गाडीला लावला. गाडीत बसून पहिला गिअर टाकला आणि थोरल्याला चिखलातून सावकाश ओढलं, अगदी सावकाश, म्हणजे सगळ्यांना नीट बघता यावं.

चहा परत गरम करावा लागला. पेंटर कप हातात घेऊन उभा राहिला. "कायदा मी लिहिला होता," तो म्हणाला. "वळण सोडणाऱ्याने टोळीत गाडी चालवायची नाही. म्होरक्याला तो कधी लागला नाही, कारण आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. आता लागतो. पण मग तुलाही लागतो, बाई."

"लागू दे."

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केलास," थोरला म्हणाला.

"माझं नाक माझं आहे, भावजी. तुमच्या गाडीच्या नाकातला चिखल आधी काढा."

प्रत्येक गाडीच्या मागे काठीवर एक पिवळी झेंडी असायची, टोळीची खूण. पेंटरने थोरल्याच्या गाडीवरची उतरवली. तिच्या गाडीवरची तिने स्वतःच उतरवली, घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. वाईट वाटलं. त्या झेंड्याही तिनेच शिवलेल्या होत्या. पण केलं ते पुन्हा केलं असतं, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

घरी पोचली तेव्हा नवरा टेबलाशी होता. तिने सगळं सांगितलं, काही न गाळता. त्याने हातातली वायर खाली ठेवली.

"तू वळण सोडलंस?"

"हो."

"मागे माणूस होता."

"माणूस होता म्हणूनच सोडलं. दगडधोंड्यासाठी थांबले असते."

तो तिच्याशी बोलेना. जेवला, ताट बाजूला सरकवलं, झोपला.  दुसऱ्याने नियम मोडला म्हणून पायाचं बळ गमावलेला माणूस तो. त्याला तिने नियम मोडून सोडवला होता, आणि हे त्याला गिळायला कठीण जाणार, हे तिला कळत होतं. तिने हात जोडले. प्रार्थनेतली ती शेवटची ओळ त्या दिवशी गाळली. भावजींच्या तब्येतीचं आता देवाने त्याच्या मर्जीने बघावं.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. आत न येता खिडकीतूनच नवऱ्याला म्हणाला, "धाकट्या, आमचं चुकलं." आणि गेला. नवऱ्याने पुन्हा वायर हातात घेतली. मग म्हणाला, "कुठपर्यंत रुतला होता?"

"दारापर्यंत."

"आणि विंच?"

"खोळीसकट."

त्याने चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला. जमला नाही. तोंड वायरींकडे वळवून तो खांदे हलवत हसला, आवाज न करता, आणि ती भाजी चिरता चिरता त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"नवी विंच," तो म्हणाला. "आत चिखल गेला म्हणजे सगळी उघडावी लागणार."

"इथे आणली तर?"

"आणणारच, दुसरा कोण उघडून देतो त्याला." त्याने जरा विचार केला. "आठवडाभर टेबलाखाली पडू देऊ."

"महिनाभर पडू द्या."

"बरं." मग वायर सोलता सोलता म्हणाला, "टोळीत नाही, तर आपण दोघंच जाऊ. तू चालव, मी शेजारी बसतो. पण पाय लांब ठेवायला खाली काहीतरी मऊ लागेल."

तिने विळी उभी करून ठेवली आणि हात धुतले. जीपच्या डाव्या दाराशी बसून वितीने जागा मोजली. आता गादीवाल्याच्या दुकानात जाऊन चार बोटं जाडीचा फोमचा तुकडा आणायचा होता.